कोठीवरची बोटं

आमची कोठी घरातून काढायला भिंत फोडावी लागली. चार जणांनी ती तिरपी केली, आडवी केली, दाराला लावून पाहिली. निघेना. निघणार कशी? कोठी बाजारातून आणत नाहीत, ती घरातच उभी करतात. बाई चिकणमाती, तणसाचा म्हणजे धानाच्या पेंढ्याचा चुरा आणि शेण कालवते आणि रोज वीतभर उंची चढवते. एक थर वाळला की त्यावर दुसरा. छातीएवढी झाली की वर तोंड ठेवते, खाली मुठीएवढं भोक, त्यात चिंधीचा बोळा. धान वरून ओतायचं, खालून काढायचं. बाहेर न्यायची गोष्ट कोणाच्या डोक्यातच नसते.

"फोडा भिंत," मी म्हटलं.

तशीही ती भिंत पडणारच होती. मुलाला घरकुल मंजूर झालं होतं. मातीचं घर पाडून त्याच जागी सिमेंटचं होणार होतं आणि त्यात कोठीला जागा नव्हती. मुलगा म्हणे, पत्र्याची टाकी आणू, उंदीर शिरत नाही. बरोबर आहे, नाही शिरत. पण कोठी तिथंच राहिली असती तर पहारीच्या दोन घावांत तिची माती झाली असती. म्हणून प्रदर्शनाला द्यायला हो म्हटलं. हौस म्हणून नाही दिली. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला पेपरात फोटो पाहिजे.

शेजारचा माझ्याच वयाचा गडी, बिडी ओढत बघत होता. म्हणाला, "भाऊ, कोठी चालली दुनिया पाहाले. तू काऊन राह्यला?"

"तिच्यासाठी भिंत फोडली," मी म्हटलं. "माह्यासाठी कोन फोडते?"

तो हसला. मला हसू येत नव्हतं.

बायको त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती. ताप आला, दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, रस्त्यातच गेली. आमच्यात पिंडबिंड काही नाही. वंदना झाली, विहारासमोर जेवण झालं, लोक हात धुऊन आपापल्या घरी गेले. तिची लुगडी मुलीनं वाटून टाकली. चपला कोणी नेल्या मला माहीत नाही. राहिली ती कोठी.

कोठीवर तिची बोटं होती. हे नीट सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. दर साल दिवाळीच्या आगेमागे, नवं धान घरी यायच्या आधी, ती कोठीला मातीचा नवा हात द्यायची. तो ओला असतानाच चार बोटं वरपासून खालपर्यंत ओढायची, नागमोडी. सगळ्या कोठीवर अशा लाटा. पुढच्या साली त्यावर पुन्हा माती, जुन्या लाटा गेल्या, नव्या आल्या. कोण बघतं? घरातल्या कोठीकडं कोणी बघतं का? ती गेली त्या साली दिवाळीला कोठी तशीच राहिली. सून म्हणाली, "मामाजी, मी देऊ का हात?" मी म्हटलं, कोठीजवळ जायचं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्या लाटा पाहिल्या. तिच्या करंगळीला विळा लागला होता तरुणपणी, टोक गेलं होतं. चौथी रेघ मधेच उचललेली दिसायची. मी माझी बोटं त्यात घालून बघितली. जाड आहेत, बसली नाहीत.

आता प्रदर्शनाचं सांगतो. राजुऱ्याला दिलेल्या मुलीच्या बचत गटात एक बाई आली. तिकडची, पुण्या-मुंबईची, केस कापलेली, बोलायला गोड. नदीच्या अलीकडल्या आणि पलीकडल्या लोकांच्या घरातल्या वस्तू गोळा करायच्या, त्यांच्या बाजूला आजच्या चित्रकारांनी काढलेली चित्रं मांडायची आणि हे सगळं गाडीत घालून फिरवायचं. चंद्रपूरला, राजुऱ्याला, मग पल्याड तेलंगणात. दोन संस्कृतींचा संवाद घडवायचा, असं ती म्हणत होती. मुलीनं तिला आईच्या कोठीचं सांगितलं.

संवाद. या शब्दाचा मला तेव्हाच राग आला होता. आमच्या बाया दर साल मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाड्या भरून जातात. माझी बायको गुडघे धरेपर्यंत जात होती. वावरातच ताडपत्रीखाली झोपायची, तिथल्या बायांबरोबर एका चुलीवर भात शिजवायची, हात आणि डोळे जळत परत यायची. येताना पोत्यात लाल मिरची आणायची आणि तोंडात तेलुगू शिव्या. मला घरात "पिच्चोडा" म्हणायची. म्हणजे येडा. पोरांना वाटायचं लाडाचं नाव आहे. तर संवाद झालेला होता, बाई. तुमची गाडी यायच्या आधीच झालेला होता आणि त्याला कोणी पाटी लावली नव्हती.

चंद्रपूरला मी मुलीबरोबर बघायला गेलो. मोठा हॉल, आत थंड हवेची मशीन. लोक कुजबुजत चालत होते, मयतीच्या घरातल्यासारखे. आमची कोठी एका पांढऱ्या ओट्यावर उभी केली होती. तिच्या एका बाजूला लाल रंगाचं भिंतीएवढं चित्र, दुसऱ्या बाजूला पल्याडची एक कोठी, बुटकी, पोट सुटलेली. आमच्या कोठीच्या आत दिवा लावला होता. खालच्या भोकातून उजेड येत होता. चिंधीचा बोळा काढून टाकला होता. समोर पाटी: धान्यकोठी, माती, अनाम स्त्री-कलाकार.

"अनाम म्हंजे?" मी मुलीला विचारलं.

"नाव माहीत नाई, असं."

"कोनाले माहीत नाई?"

"बाबा, हळू बोला."

"काऊन हळू बोलू? इथी काय कोनी झोपलं आहे?"

ती प्रदर्शनवाली धावत आली. "काका, तुम्ही आलात, किती छान झालं."

मी म्हटलं, "बाई, इचारलं असतं तं सांगतलं असतं. तिले नाव होतं."

तिचा चेहरा उतरला. तिनं तिथंच कान धरला, नाव विचारलं, दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. मुलीनं फोटो दाखवला. ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथं लिहायचं होतं तिथं लिहिलं गेलं.

मग मी खालच्या भोकातून वाकून पाहिलं. आत एक दाणा नाही. कोठी देताना मी बुडाशी दोन मुठी धान ठेवलं होतं. आमच्याकडं कोठी कोरडी करत नाहीत. नवं येईपर्यंत जुनं बुडाशी असतंच, उपास पडले तरी असतं. मी विचारलं, धान कुठी गेलं?

"काका, ते काढावं लागलं. किडे झाले असते. बाकीच्या चित्रांना धोका होता."

"किडे धानाले लागतात. चित्राले कोनते किडे लागतात?"

ती हसली, आणि माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, कागद खाणारे किडे असतात काका, खरंच असतात. असतील. तिचं खोटं नव्हतं. पण दोन मुठी धान होतं ते, झाडून कचऱ्यात घालायची गोष्ट नव्हती. मी तिला ते ऐकवलं आणि तिनं ऐकून घेतलं, एवढं कबूल करतो. एका गोष्टीत मात्र आमचं जमलं. मी म्हटलं, त्या बोटांच्या रेघांले जपा. ती म्हणाली, "काका, त्यांना आम्ही कोणालाच हात लावू देत नाही. हेच सगळ्यात मोलाचं आहे." तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. घरी मुलाला जे कळलं नव्हतं ते हिला कळलं.

राजुऱ्याहून पुढं पल्याड जायच्या वेळी तिनं मला बोलावणं केलं. दोन्हीकडच्या घरच्या लोकांना एकत्र बसवायचं होतं. मी मुलीकडंच होतो, कोठीच्या गाडीत पुढं बसून निघालो. गाडीवाला राजुऱ्याचा, पन्नाशीचा, आई तेलुगू आणि बाप मराठी. दोन्ही भाषांतून ट्रकवाल्यांना शिव्या घालत होता. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे. प्रत्येक खड्ड्याला मागं धप्प आवाज यायचा आणि मी मागं वळून बघायचो.

"भाऊ, हळू घे."

"भाऊ, यापेक्षा हळू घेतली तं बैलगाडीवाला मले हॉर्न देईन."

पल्याडच्या तालुक्याच्या गावी एका शाळेच्या हॉलमध्ये सामान उतरवलं. कोठीवरच्या गाद्या काढल्या आणि तोंडापासून खाली बोटभर रुंद तडा. पाठच्या बाजूलाही एक, बारीक. पापुद्रे सुटले होते. साल उलटून गेलं, कोठीला मातीचा हात नाही, ओल नाही, वर दिव्याची गरमी आणि मशीनची थंडी. दुसरं काय होणार? प्रदर्शनवालीनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, उद्या हैदराबादहून एक माणूस येईल, तो अशा वस्तू जोडतो, तोवर कोणी हात लावायचा नाही. ती फोन करायला बाहेर गेली. मी गाडीवाल्यासोबत चहा प्यायला गेलो. माझं डोकं चालत नव्हतं.

परत आलो तर कोठीपुढं एक बुढी उकिडवी बसली होती. बाजूला घमेल्यात कालवलेली माती. ती त्या बुटक्या कोठीची मालकीण. तिच्याही कोठीचे टवके गेले होते, ती घरून माती घेऊन आली होती आणि आपली कोठी सारवून झाल्यावर उरलेली माती आमच्या कोठीला लावत होती. तोंडापासून बुडापर्यंत आली होती. समोरची सगळी बाजू गुळगुळीत, ओली, चकचकीत. बायकोची बोटं गेली होती.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. गाडीवाला नंतर म्हणाला की भाऊ, तुमी लय खराब बोलले. प्रदर्शनवाली धावत आली आणि तीही ओरडली, "अम्मा, नको, प्लीज, नको." बुढीनं हात थांबवला आणि आम्हा दोघांकडं पाहिलं, जसं दोन कुत्रे भुंकताना पाहावं तसं. मग ती गाडीवाल्याशी बोलली.

"ती म्हंते, तडा पडला होता. माह्या हातात माती होती. मंग का करू, बसून पाहू?"

"तिले सांग," मी म्हटलं, "तुह्ये हात झडो."

"हे मी सांगत नाई."

"सांग म्हंलं ना."

त्यानं काहीतरी सांगितलं. एवढं लांब सांगितलं की ते माझं वाक्य नव्हतं. पण बुढीला माझ्या तोंडावरून कळलं होतं. ती उठली, हात तसेच मातीचे, आणि माझ्यासमोर उभी राहून बोलायला लागली. माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. गाडीवाला मधे मधे मराठी करत होता.

"ती म्हंते, हे कोनाचं आहे? घरची बाई कुठी आहे?"

"मेली."

"ती म्हंते, मंग हात कोन देते?"

"कोनी नाई देत. तिचा हात होता त्याच्यावर, तो तसाच ठेवाचा होता. तिले सांग, ते बोटं होते माह्या बायकोचे."

त्यानं सांगितलं. बुढीनं कोठीकडं पाहिलं. मला वाटलं आता नरमेल. नाही नरमली. तिनं कोठीकडं हात केला, हॉलकडं केला, दिव्यांकडं केला.

"ती म्हंते, बायकोचे बोटं होते तं ट्रकात घालून गावोगाव काऊन फिरवून राह्यला? लोकाले दाखवाले तूच आनलं. फुटून राह्यलं होतं, तं शिव्या मले."

आणि शेवटी माझ्याकडं बघून म्हणाली, "पिच्चोडा."

ते मला कोणी मराठीत सांगायची गरज नव्हती. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. माझा राग तिथं जायला पाहिजे होता असं एखाद्याला वाटेल. नाही गेला, वाढला. हा शब्द या बाईच्या तोंडी कशाला पाहिजे होता?

बुढी जायला निघाली. घमेलं तिथंच होतं. जाता जाता तिनं कोठीच्या पाठच्या बाजूकडं बोट केलं, तिथं तिचा हात पोचला नव्हता. तिथं लाटा अजून होत्या, आणि बारीक तडाही होता. गाडीवाला म्हणाला, ती म्हंते, अर्धी ओली अर्धी सुकी ठेवली तं रात्रीतून फाटन.

हे खरं होतं. ओली माती वाळताना ओढते, कोरडीला सोबत घेऊन फुटते. मला ते माहीत होतं, आणि तिनं सांगितलं म्हणून जास्त राग आला. प्रदर्शनवाली रडवेली झाली होती. म्हणाली, "काका, राहू द्या. काहीही झालं तरी त्या मागच्या रेघा आपण वाचवू. फुटली तरी तो तुकडा मी जपून ठेवेन, काचेत ठेवेन. तुम्हाला देईन." आणि मी तिला हो म्हणणार होतो. मनापासून हो म्हणणार होतो. मलाही तेच पाहिजे होतं. तुकडा पाहिजे होता, काचेतला. उशाशी ठेवला असता.

मी पाठीमागं जाऊन बसलो. चारी रेघा बघितल्या, चौथी जिथं उचलली होती तिथं बघितलं. त्या रेघा तर ती स्वतःच दर साल पुसत होती. एकदाही हळहळली नाही. कोठी मात्र तिनं कधी फुटू दिली नाही. पोटाशी पोर असतानाही कोठीला हात दिला होता, गुडघे धरल्यावरही दिला होता. आणि मी तिची कोठी फुटू देऊन तिचा तुकडा ठेवणार होतो.

मी घमेलं ओढलं.

"काका," प्रदर्शनवाली म्हणाली.

"बाई, तू बाहेर जा," मी म्हटलं. "नाई तं उभी राह्य. पन बोलू नको."

ती उभी राहिली. आमच्याकडं गडीमाणूस कोठीला हात देत नाही. मी बांध घातले, चिखल तुडवला, रोवणीचे बांधे, धानाची खाचरं, तयार केली, पण हे कधी केलं नाही. माती उचलली आणि लावली. आधी तड्यावर, मग रेघांवर. लावत होतो ते रागानं. बायकोवर राग, ती गेली म्हणून. मुलावर, घरकुलावर, या प्रदर्शनवालीवर, बुढीवर. सगळ्यांवर मिळून माती थापली. बुढी गेली नव्हती. दारातून परत आली होती आणि कमरेवर हात ठेवून मला शिकवत होती. गाडीवाल्यानं मराठी करणं सोडून दिलं होतं, तरी कळत होतं. पाणी जास्त झालं. वरून खाली ओढ, असं आडवं काय करतोस. ती जवळ आली, माझं मनगट धरून बाजूला केलं आणि कड नीट केली. मी तिला ढकललं नाही. ढकलायची ताकद नव्हती.

झालं तेव्हा कोठी नवी दिसत होती. काहीच नव्हतं तिच्यावर. प्रदर्शनवालीनं विचारलं, काका, आता पाटीवर काय लिहू? मी म्हटलं, तेच नाव राहू दे, कोठी तिनंच उभी केली आहे. बाकी तुला काय लिहायचं ते लिही. संध्याकाळी दोन्हीकडच्या लोकांना खुर्च्यांवर समोरासमोर बसवलं. माईक फिरला. मला विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, वाईट वाटून राह्यलं. माईक पुढं गेला.

परत निघायच्या आधी बुढी शाळेच्या नळावर घमेलं धूत होती. मी तिथं गेलो. गाडीवाल्याला म्हटलं, हिले इचार, इकडं मिरची तोडाले आमच्या बाया येतात, त्याहीच्यात एक होती. उंच, सावळी, करंगळी तुटलेली. हसाची तं तोंडावर पदर घ्याची. हिच्या वावरात आली असन का? हिनं पाह्यली असन का?

बुढीनं ऐकलं. घमेलं पालथं घातलं, पाणी निथळू दिलं. मग मान हलवली.

"ती म्हंते, लय येतात. गाड्या भरून येतात. कोन कोन आठवन."

हो म्हणाली असती तर तिचं काही गेलं नसतं. आठवते म्हणाली असती, उंच होती म्हणाली असती, मी मानलं असतं. म्हातारी माणसं एकमेकांशी एवढं खोटं बोलतात. ती नाही बोलली. घमेलं डोक्यावर ठेवलं आणि फाटकाकडं चालायला लागली.

"अजून एकडाव इचार," मी गाडीवाल्याला म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. गाडीची चावी खिशातून काढली आणि म्हणाला, "भाऊ, चाला. अंधार पडन."